तुम्हाला दुसरीतच कळलं होतं, बाई

बाई, तुम्ही गेलात त्याला आज अठरा दिवस झाले आणि मी अजून रडलेले नाही. मंडळीतल्या सगळ्यांना वाटतं, मला धक्का बसलाय. तुमच्या भावजयीनं, मार्थावहिनींनी तर शुक्रवारी उपासना सुटल्यावर दारातच माझा हात धरला. म्हणाल्या, विनया, रडून घे गं, मोकळी हो. मी मान हलवली. धक्का कसला डोंबलाचा! मी चिडलेली आहे. पाच वर्षं आपलं एक भांडण अर्धवट पडलं होतं, ते तसंच टाकून तुम्ही खुशाल निघून गेलात. आता मी कोणाशी भांडू?

पाळकसाहेबांनी मला मंडळीच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायला सांगितलंय. नगरपासूनची तुमची विद्यार्थिनी इथं माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून मी. एक पान, आणि जमल्यास एक फोटो. जन्म, शिक्षण, सेवा, लेकरांवरची माया, सगळं त्यात यायला हवं म्हणे. ते पान मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं. लेकरांवरच्या मायेपाशी आले की हात थांबायचा. तेव्हा ते पान दुसरं कोणीतरी लिहील. हे मी तुम्हालाच लिहितेय, हे कोणी छापणार नाही.

आधी चांगलं सांगून टाकते, म्हणजे पुढं मोकळेपणानं बोलता येईल. नगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत मी चौथीत होते. वडील दवाखान्यात वॉर्डबॉय, ते त्याच वर्षी वारले आणि माझं बोलणंच बंद झालं. आई म्हणायची, पोरीच्या तोंडाला कुलूप लागलं. काय झालं म्हणून तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. तुम्ही फक्त ओळ म्हणायचात आणि माझ्याकडं बघत थांबायचात. अख्खा वर्ग थांबायचा. तुमचे आजोबा झांजा घेऊन गावोगाव ख्रिस्ताची कीर्तनं करायचे, त्यांच्या चाली तुमच्या गळ्यात होत्या, आणि स्तोत्रं तुम्ही त्या चालींवर शिकवायचात. नवव्या की दहाव्या दिवशी मी तुमच्यामागून एक ओळ म्हटली. वर्षअखेर मला बारा स्तोत्रं पाठ होती. पुढं हन्नाच्या वेळी इथं शारजात माझ्याजवळ माहेरचं कोणी नव्हतं. नर्सा आपसात मल्याळी बोलत होत्या, डॉक्टरीण अरबीत ओरडत होती, सुधाकर बाहेर येरझारा घालत होता. मी ती बारा स्तोत्रं एकामागून एक म्हणत गेले, चालीसकट. अकरावं चालू असताना हन्ना झाली. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर तुमच्यावर रागावणं किती सोपं गेलं असतं.

तुम्ही नगरची नोकरी सोडून इथं शारजात, अल मजाजला भावाकडं राहायला आलात, तेव्हा हन्ना तीन वर्षांची होती. कुवेतचं युद्ध मागं पडलं होतं, माणसं बायकापोरांना परत आणायला लागली होती. चर्चच्या हॉलात शुक्रवारी सकाळी आठला मल्याळी, दहाला तमिळ आणि बाराला, एसी दमल्यावर, आपण मराठी. आपली रविवारची शाळा शुक्रवारी भरते, याचं तुम्हाला फार हसू आलं होतं. पहिल्याच दिवशी तुम्ही मला ओळखलंत. कशी आहेस, नवरा काय करतो, काही नाही. म्हणालात, सातवं स्तोत्र म्हण बघू. तीस वर्षांची बाई मी, एक पोर कडेवर, आणि हॉलच्या पायऱ्यांवर उभी राहून घडाघडा म्हणायला लागले. चुकले नाही. तुमचा चेहरा असा फुलला होता की मला पुन्हा चौथीत गेल्यासारखं झालं.

मग ती अमेरिकन बाई. तेल कंपनीतल्या इंजिनिअरची बायको, ती घरीच मुलांना शिकवायची. परत जाताना पुस्तकांची चार खोकी तुमच्या पदरात टाकून गेली. त्या उन्हाळ्यात सगळे गावी गेले, तुम्ही एसीच्या खोलीत बसून ती खोकी वाचून काढलीत, आणि सप्टेंबरात बाहेर आलात त्या वेगळ्याच होऊन. शाळा कशी असावी हे म्हणे युरोपातल्या जुन्या ख्रिस्ती लोकांना बरोबर कळलं होतं, मधल्या लोकांनी घाण केली. मुलाची तीन वयं. तुम्ही त्यांना मराठी नावं दिलीत: साठवायचं वय, भांडायचं वय, मांडायचं वय. चौथीपर्यंत नुसतं साठवायचं. देवाबद्दलची प्रश्नोत्तरं, आदामापासून रोमपर्यंतच्या राजांची रांग, लॅटिनची रूपं, सगळं तोंडपाठ. का म्हणून विचारायचं नाही. भांडण सातवीत, आणि नीट सभेत उभं राहून मांडणं दहावीनंतर. हॉलच्या मागं तीन खोल्या रिकाम्या होत्या, तिथं मंडळीच्या मुलांसाठी पहिली ते चौथी शाळा सुरू झाली. मी पहिलीची बाई. दुसरी, तिसरी, चौथी एका मोठ्या खोलीत तुमच्याकडं.

कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू. लॅटिनची रूपं तुम्ही ओवीच्या चालीत बसवली होतीत. आमो, आमास, आमात म्हणताना चाळीस पोरं अशी डुलायची की वाटावं, जात्यावर बसलीत. पलीकडच्या खोलीत माझी पहिलीची पोरंसुद्धा अक्षरं सोडून डुलायला लागायची. सुधाकर विचारायचा, हे लॅटिन शारजात बोलायचं कोणाशी? खालच्या बकाल्यात, किराणावाल्या कुट्टीशी? मी त्याला गप्प करायची. मला वाटायचं, ज्या चालींनी माझं तोंड उघडलं, त्याच माझ्या लेकीला मिळतायत.

तुमचा एक नियम होता, स्वतःचं मूल स्वतःच्या वर्गात नको. आई झालेली बाई एकतर लाड करते, नाहीतर जीव काढते, असं तुमचं म्हणणं. मला पटलं. म्हणून पहिलीत हन्ना माझ्याकडं न बसता तुमच्या खोलीत, दुसरीतल्या मुलांच्या पुढं सतरंजीवर बसायची. माझ्या हाताखाली त्या वर्षी चौदा मुलं अक्षरं शिकली. माझं मूल त्यात नव्हतं. नियम तुमचा होता, बाई, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते.

आणि हन्नाचे कान! तुमच्याच शब्दांत, टिपकागद. एकदा ऐकलं की राहिलं. तुमची पद्धतच तशी होती: मी म्हणते, मग तुम्ही म्हणा, मग एकेकानं म्हणा. पुस्तक हातात असायचं, पान उघडं असायचं, पण सगळं आधी कानातून जायचं. दर वर्षी मार्चात पाठांतराचा दिवस. हॉल भरलेला, अबुधाबीहून माणसं यायची. हन्ना पहिली उभी राहायची, निळा फ्रॉक, हात मागं बांधलेले. तिसरीत तिनं अख्खं एक पत्र म्हटलं, नव्या करारातलं, चार अध्याय, कुठं अडखळली नाही. बायका डोळे पुसत होत्या. दुसऱ्याच आठवड्यात सहा नवी नावं आली शाळेत. तुम्ही मला म्हणालात, हे लेकरू माझ्या सगळ्या कष्टाचं फळ आहे. मी घरी येऊन हे सुधाकरला तीनदा सांगितलं असेल.

एकदाच मी तुमच्याशी वाद घातला त्या वर्षांत. जलप्रलयाचा पाठ चालू होता. हन्नानं विचारलं, माणसं वाईट होती म्हणून बुडाली, जनावरं बुडाली, मग मासे का नाही बुडाले? मासे चांगले होते का? मला हसू आवरेना. तुम्ही तिला म्हणालात, साठवून ठेव, सातवीत विचार. सुटी झाल्यावर मी म्हटलं, बाई, काहीतरी सांगा की पोरीला, देव काय रागावणार आहे? तुम्ही म्हणालात, उत्तर लगेच मिळालं की पोर साठवायचं सोडतं. आणि वर, तू पहिलीची बाई आहेस, पहिलीचं बघ. मी पहिलीचं बघितलं.

आता पुढचं सांगते. तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण तुम्ही ते माझ्या तोंडून कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीत. आपली शाळा चौथीला संपायची. पाचवीसाठी हन्नाला मोठ्या इंडियन शाळेत घालायचं, तिथं प्रवेशपरीक्षा. मी निवांत होते. जिला लॅटिन येतं, तिला पाचवीची प्रवेशपरीक्षा म्हणजे काय! तिला आत सोडलं आणि बाहेर बाकावर बसून दुसऱ्या आयांना मी तुमच्या शाळेच्या गोष्टी सांगत होते. दीड तासानं तिथल्या सुपरवायझर बाईंनी मला आत बोलावलं. मंगलोरकडच्या होत्या, आवाज मऊ. त्यांनी हन्नाचा पेपर माझ्यासमोर ठेवला. इतकं सुंदर अक्षर त्यांनी म्हणे या वयाच्या मुलीचं पाहिलं नव्हतं.

हन्नानं अख्खी प्रश्नपत्रिका उतरवून काढली होती. वरचं शाळेचं नाव, वेळ दीड तास, एकूण गुण, सगळे प्रश्न, गाळलेल्या जागांच्या टिंबटिंबांसकट. प्रत्येक अक्षर जागच्या जागी, समास आखलेला, तुम्ही शिकवलात तसा. उत्तर एकही नाही. कोरा कागद पुढं आला की समोरचं नीट उतरवायचं, हेच तिला चार वर्षं सांगितलं होतं, तेच तिनं केलं. आणि बाहेर येऊन मला म्हणाली, फिनिश्ड, मम्मा, फर्स्ट.

टॅक्सी करून आम्ही परत आलो. घरी वर्तमानपत्र पडलं होतं. एका जाहिरातीवर बोट ठेवून मी तिला म्हटलं, हे वाच. चार शब्द होते, मोठ्या टायपातले. ती कागदाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं बघितलं आणि अगदी सहज म्हणाली, "यू से इट फर्स्ट, मम्मा."

बाई, हे वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही. तिला वाटत होतं, वाचणं म्हणजे हेच. आधी कोणीतरी म्हणतं, मग आपण म्हणतो. सगळं जग असंच वाचतं, अशी तिची समजूत होती. नऊ वर्षांची पोर, रोमचे राजे ओळीनं सांगायची, आणि दारावर बाहेर जायचा रस्ता लिहिलेला तिला वाचता येत नव्हता. बकाल्यात मी चिठ्ठी देऊन पाठवायची, ती चिठ्ठी ती कुट्टीच्या हातात ठेवायची, तो पिशवी भरून द्यायचा. मला वाटायचं, माझी मुलगी कामाची झाली.

त्या संध्याकाळी मी तिच्या सगळ्या वह्या जमिनीवर मांडल्या. उताऱ्याच्या वह्या चार, शेवटच्या पानापर्यंत भरलेल्या, मोत्यासारखं अक्षर, खाली तुमच्या लाल पेनाचं उत्तम. आणि एक डिक्टेशनची वही. दुसरीतली. तिची पहिली तीन पानं लिहिलेली होती. लिहिलेली कसली, अक्षरं एकमेकांवर चढलेली, उलटी, अर्धी, खोडलेली, जागा चुकलेली. बघून न लिहिता ऐकून लिहायची वेळ आली की त्या लेकराचं हे असं होत होतं. त्या पानांवर लाल पेन कुठंच नव्हतं. चौथ्या पानापासून वही कोरी. तिसरी-चौथीची डिक्टेशनची वहीच नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलांना तुम्ही डिक्टेशन देत होतात, पलीकडून मला रोज ऐकू यायचं.

मी ती वही पिशवीत टाकून अल मजाजला आले. तुम्ही गॅलरीत बसून मेथी निवडत होतात, समोर खाडीवर पोरं सायकली फिरवत होती. मी वही तुमच्या मेथीवर टाकली. तुम्ही उघडलीसुद्धा नाहीत. बघितलंत आणि म्हणालात, "मला दुसरीतच कळलं होतं."

मी तयारी करून आले होते, तुम्ही नाही म्हणाल, मग मी असं दाखवेन, तसं दाखवेन. तुम्ही नाही म्हणालाच नाहीत. मग तुमचं म्हणणं सांगितलंत, मेथीची पानं खुडत, शांतपणे. हे साठवायचं वय आहे, आत पुरेसं साठलं की अक्षरं आपोआप वर येतात, पुस्तकात तसं आहे आणि तुमचा अनुभवही तसाच आहे. मला सांगितलं असतं तर मी तिला घेऊन डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या असत्या, कोणत्याही शाळेनं तिला शेवटच्या बाकावर टाकलं असतं. तुमच्याकडं ती सगळ्यांच्या पुढं उभी राहिली. डिक्टेशन दिलं की ती रडायची, म्हणून तुम्ही बंद केलंत. एवढंच.

मी म्हटलं, ती तुमच्या शाळेची जाहिरात होती. मी बरंच काय काय म्हटलं. तोंडाला आलं ते बोलले, ज्या बाईसमोर मी कधी खुर्चीवर बसले नव्हते तिला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग एकच वाक्य बोललात. "तूही पलीकडच्याच खोलीत होतीस, विनया."

त्यानंतर मी तुमच्या घराची पायरी चढले नाही. शाळाही सोडली, त्याच आठवड्यात.

पुढची वर्षं तुम्हाला माहीत नाहीत, ती सांगते. मोठ्या शाळेनं हन्नाला तिसरीत घेतलं, तेही मेहेरबानी म्हणून. तिच्या खांद्याएवढी पोरं. वर्गाच्या फोटोत ती मागच्या रांगेत बायांच्या शेजारी उभी आहे. नव्या शाळेत पाठांतर कोणी विचारलं नाही. पहिल्या महिन्यात एकदा तिनं आपणहून हात वर करून स्तोत्र म्हणून दाखवलं, पोरं हसली, त्यानंतर तिनं घरीसुद्धा म्हटलं नाही. सुधाकरची फॅक्टरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात गेली होती, पहाटे साडेपाचच्या बसनं जायचा, संध्याकाळी सातला यायचा, आणि तसाच तिला घेऊन दुबईला एका टीचरकडं जायचा. ती टीचर तिला ताटातल्या वाळूत बोटानं अक्षरं काढायला लावायची. इथं वाळूला काय तोटा! दोन वर्षं आमच्या घरात, गादीवर, ताटलीत, सगळीकडं वाळू. वाचायला बसली की रडायची, मी ओरडायची, मग मी रडायची, मग सुधाकर दोघींना ओरडायचा. यल्ला, चल, एक लाइन, फक्त एक लाइन, असं रोज. तिला समजलं होतं की आपल्यात काहीतरी कमी आहे. तुमच्या खोलीत चार वर्षं तिला ते समजलं नव्हतं, हे मला मान्य करावं लागतं, आणि ते मान्य करताना मला तुमचा आणखी राग येतो.

खरं सांगू का? तुमचं ते वाक्य नसतं, तर मी तुम्हाला कधीच माफ करून मोकळी झाले असते. बाई पद्धतीच्या मागं वेडी झाली, चुकली, वय झालं, खलास. पण तुम्ही बरोबर बोललात. मी पलीकडच्याच खोलीत होते. मध्ये प्लायवूडची भिंत होती, खोकलं तरी ऐकू यायचं. चौदा मुलांच्या बोटाला धरून मी अक्षरं गिरवून घेत होते, त्यातलं कोण अडतंय ते मला पहिल्या आठवड्यात कळायचं. आणि माझी मुलगी. तिला मी रात्री गोष्ट वाचून दाखवायची, ती दुसऱ्या दिवशी पुस्तक मांडीवर घेऊन तीच गोष्ट मला सांगायची, पानंसुद्धा उलटायची, आणि मला कळलं नाही. कळलं नाही की बघितलं नाही, हे मला आजही धड सांगता येत नाही. ती पुढं उभी राहायची तेव्हा लोक मागं वळून माझ्याकडं बघायचे. मला ते फार आवडायचं, बाई. जाहिरात ती तुमची होती, तशी माझीही होती.

पण तुम्हाला माहीत होतं. मी आंधळी होते, तुम्ही डोळस होतात. तुम्ही बघून गप्प बसलात. तीन वर्षं. रोज सकाळी मी तिचा डबा तुमच्या टेबलावर ठेवायची आणि तुम्ही माझ्याकडं बघून हसायचात. एकदा तरी सांगायचं होतंत ना हो. मी काय केलं असतं ते माझं मी बघितलं असतं.

हॉस्पिटलात मी एकदाच आले, सुधाकरनं ढकललं म्हणून. तुमचं डायलिसिस चालू होतं, हाताला नळ्या, चेहरा सुजलेला. मार्थावहिनी बाहेर चहा आणायला गेल्या. माझ्या मनात होतं की तुम्ही काहीतरी म्हणाल. तुम्ही म्हणालात, हन्ना सध्या काय वाचते? मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? आणि पर्स उचलून निघाले. लिफ्टपाशी थांबले होते, पाच मिनिटं असेन. तुम्ही खरंच विचारत होतात का, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. पण परत आत आले नाही. दहा दिवसांनी तुम्ही गेलात.

तुमच्या प्रार्थनासभेला हॉल भरून वाहत होता. कॅनडाला गेलेल्यांचे फोन आले, मस्कतहून दोघं गाडी चालवत आले. शेवटी तुमची सगळी मुलं उठून उभी राहिली, आता मिशा फुटलेली, साडी नेसलेली, आणि तुमचं आवडतं स्तोत्र तुमच्या आजोबांच्या चालीत म्हणायला लागली. एकालाही कागद लागला नाही. मी ठरवून ओठ घट्ट मिटून बसले होते. दुसऱ्या ओळीला माझेही ओठ हलायला लागले, मेले. हन्ना त्या मुलांत उभी राहून म्हणत होती, डोळे मिटून, पाच वर्षांत पहिल्यांदा. मला तिचा हात धरून तिला बाहेर न्यावंसं वाटत होतं.

आणि आता हे पाकीट. परवा मार्थावहिनी घेऊन आल्या. तुमच्या उशाखाली सापडलं म्हणे. वर हन्नाचं नाव, मी पहिलीच्या फळ्यावर लिहायची तशा सुट्या, मोठ्या अक्षरांत. खाली इंग्रजीत, फक्त हन्नानं वाचावं. चारी बाजूंनी चिकटपट्टी. शरम सोडून सांगते, मी ते ट्यूबलाइटसमोर धरून बघितलं. आतला कागद जाड होता, काही दिसलं नाही.

पाच वर्षं तिला आलेलं सगळं मीच वाचून दाखवलंय. शाळेच्या नोटिसा, फॉर्म, वाढदिवसाची कार्डं. तिला येतं आता, हळू येतं, पण वेळ लागतो आणि ती दमते, म्हणून मी. वाचायचंच झालं तर ती अजून पुटपुटत वाचते, आवाज काढला नाही तर अक्षरं निसटतात म्हणे. तेव्हा ती शाळेतून आल्यावर मी पाकीट पुढं केलं आणि म्हटलं, आण, फोडून वाचून दाखवते. तिनं ते माझ्या हातातून घेतलं. म्हणाली, "नो, मम्मा. इट्स फॉर मी." आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं.

मी वाळलेले कपडे काढायचं निमित्त करून दारापाशी उभी राहिले. मला वाटलं, पुटपुटेल तेव्हा कळेल. मला एवढंच हवं होतं बाई, एक ओळ, की माझं चुकलं. माझ्यासाठी नव्हे तर तिच्यासाठी, असं मी म्हणेन, पण ते खोटं आहे, मला ते माझ्यासाठीच हवं होतं. काही ऐकू आलं नाही. मी दार लोटून बघितलं. दोन कागद तिच्या मांडीवर होते, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. तिचं बोट ओळीखालून सरकत होतं, थांबत होतं, थोडं मागं येऊन पुन्हा पुढं जात होतं. ओठ मिटलेले. आवाज नाही, काही नाही. अर्धा तास झाला असेल, ती दुसऱ्या कागदाच्या मध्यावर होती. माझ्याच्यानं राहवेना. मी विचारलं, काय लिहिलंय बाईंनी? चुकलं म्हणाल्या का?

तिनं मान वर केली. बोट उचललं नाही, ओळ हरवू नये म्हणून तिथंच दाबून धरलं, आणि मी आत जायची वाट बघत बसली.